खळे

चंद्राभोवती जे कडे दिसते त्याला मराठीत खळे म्हणतात, आणि धान्य मळण्याच्या जागेलाही खळेच. इंग्रजीतला ‘हॅलो’ विश्वविज्ञानात गेला तेव्हा तो न दिसणाऱ्या द्रव्याचा झाला. दीर्घिकांभोवती पसरलेल्या कृष्णद्रव्याच्या गोलाकार साठ्याला ‘डार्क मॅटर हॅलो’ म्हणतात. मराठीत त्याचे सहसा ‘प्रभामंडल’ होते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण जे द्रव्य प्रकाश देत नाही, अडवीतही नाही, त्याला प्रभा कुठली?

एम.ए.च्या वर्गात पारिभाषिक संज्ञांचा घटक शिकवताना मी ‘खळे’ सुचवले. कळवण तालुक्यातली, गिरणेच्या खोऱ्यात वाढलेली मुले. तरी वर्गात हशा पिकला. एकाने स्पष्टच सांगितले, “सर, परीक्षकांना ते गावंढळ वाटेल.” त्याचे म्हणणे खोडून काढता येण्याजोगे नव्हते. शिवाय मळणीयंत्र आल्यापासून सारवलेली खळी दिसतात कुठे?

तरीही हा शब्द मला केवळ सोयीचा वाटत नाही. खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवतात आणि त्याभोवती बैलांची पात फिरते. सारे बैल एकमेकांना जोडलेले, त्यामुळे कडेच्या बैलाला आतल्यापेक्षा झपझप चालावे लागते. सूर्यमालेत नेमके उलट: बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. ओढ मध्यभागी एकवटलेली असली की दूरचा संथ होतो. दीर्घिकांच्या कडेलाही असेच असेल, असा समज होता. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील वेग मोजले, तर कडेकडे जाताना ते अपेक्षेप्रमाणे उतरेनात. पुढे इतर दीर्घिकांतही तेच आढळले. म्हणजे ओढ तिवड्यापुरती नव्हती. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कितीतरी बाहेरपर्यंत न दिसणारे वस्तुमान पसरलेले असले पाहिजे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ सालीच कोमा दीर्घिकासमूहाबाबत असे म्हटले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही, असो.

या हिशेबाने दीर्घिका म्हणजे खळ्याच्या मधोमध साचलेली दाण्यांची रास. ही खळी सारखी नसतात. लहान खळी विपुल: वस्तुमान दहापटीने उतरले की संख्या साधारण आठपट होते. आपल्या आकाशगंगेचे खळे सुमारे हजार अब्ज सूर्यांच्या वजनाचे. त्याच्याही हजारपट, मोठ्या दीर्घिकासमूहांच्या पल्ल्यात, संख्या एकाएकी ढासळते. कारण मोठी खळी लहान खळी एकमेकांत मिसळून घडतात, आणि तेवढ्या मिसळणीला विश्वाचे आतापर्यंतचे आयुष्य पुरलेले नाही. विल्यम प्रेस आणि पॉल शेक्टर यांनी १९७४ मध्ये हे गणित मांडले. नंतर त्यात सुधारणा झाल्या, गाभा तोच राहिला.

वेगाचे सूत्र त्याहून सोपे. वस्तुमान हजारपट झाले की आतल्या हालचालींचा वेग साधारण दहापट होतो. आकाशगंगेत सूर्य सेकंदाला सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वेगाने फिरतो. भरगच्च समूहांत दीर्घिका हजार किलोमीटरच्या घरात भिरभिरतात. इथे उपमा लंगडी पडते, हे मान्य करायला हवे. वाऱ्यावर उपणताना जड दाणा पायाशी पडतो आणि भूस दूर उडते. आकाशातल्या जड खळ्यात मात्र जे आहे ते अधिक वेगाने धावते आणि तरीही उडून जात नाही, कारण धरून ठेवणारी ओढही तितकीच जबर असते. विद्यार्थ्यांना हा फरक चटकन कळला. ‘प्रभामंडल’ घेऊन तो समजावता आला असता असे मला वाटत नाही.

२०१७ साली पुण्याच्या आयुकातील आणि अन्य भारतीय संस्थांतील शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, दीर्घिकांचा एक महासमूह शोधला. त्यात किमान ४३ दीर्घिकासमूह, आणि एकूण वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांइतके. त्याचे नाव त्यांनी ‘सरस्वती’ ठेवले. विशेषनाम आपल्या घरचे निघाले याचा आनंद झालाच. त्या ४३ समूहांपैकी प्रत्येकाभोवती जे आहे, त्याचे सामान्यनाम मात्र मराठीत अजून ठरायचे आहे.