आडमुठा द्वारपाल

वस्तू घरात असली म्हणजे तिची आठवण होत नाही. दिसेनाशी झाली, की होते.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला सरली, म्हणून वसुबारसेच्या संध्याकाळी पंचवटीतल्या घरी मी लॅपटॉपवर नवी प्रणाली चढवायला बसलो. जुने सारे पुसून टाकायचे, असा बेत. पण समोर आलेल्या यादीत डिस्कच नव्हती! पोटात धस्स झाले. चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगणारा आईचा आवाज तिच्यावरच होता. आणि आई आता नाही.

पुतण्या हसला. "काका, डिस्क शाबूत आहे. तिच्या दारात व्हीएमडी नावाचा द्वारपाल बसलाय. नव्या पाहुण्याला त्याची बोली येत नाही, इतकंच." त्याने पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर भरला, डिस्क अवतरली.

"पहिल्यांदाच दिसली असती तर?"

"तर तुम्ही केव्हाच पुसली असती!"

आम्ही तिथेच थांबलो. जुनीच प्रणाली सुरू करून आधी प्रत काढली. आई बोलली, "तांदळाच्या निम्मी हरभऱ्याची डाळ..." स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले.

यंदाच्या चकल्या खुसखुशीत झाल्या. एक त्या द्वारपालाच्या नावाने बाजूला ठेवली आहे.