डोक्यावरची रेघ

१९८४ साली मी साताऱ्याला कॉलेजात होतो आणि माझा डबा रोज सकाळच्या एसटीने यायचा. मेढ्याच्या पुढून, आमच्या गावाहून. ड्रायव्हरच्या मागे पाच-सहा डबे कापडी पिशव्यांत एकमेकांना टेकून ठेवलेले असत. स्टँडवर आपली पिशवी ओळखून उचलायची. आत भाकरीच्या घडीखाली आईची चिठ्ठी. कधी वाण्याच्या पुडीचा कागद, कधी जुन्या वहीचं पान. ‘मिरची तिखट निघाली. ताक घेऊन खा. म्हैस व्याली.’ कोपऱ्याला तेल लागून कागद आरपार दिसायला लागलेला.

त्या चिठ्ठ्या मी का ठेवल्या, सांगता येणार नाही. चाळीस वर्षांनी परवा बाहेर काढल्या, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. देवनागरीत आपण आधी अक्षरं काढतो आणि शब्द पुरा झाला की वरून रेघ ओढतो. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत ती रेघच नाही. अक्षरं बोडक्या डोक्याने उभी. म्हणजे गाडी फाट्यावर आली असणार, वडील अंगणातून हाका मारत असणार आणि आई चुलीपुढेच गुडघ्यावर कागद धरून लिहीत असणार. पावसाळ्यात गाडीला उशीर व्हायचा. त्या दिवसांतल्या चिठ्ठ्यांवर मात्र प्रत्येक शब्दाला नीट रेघ आहे, आणि मजकूरही दोन ओळी जास्त.

आईला हे काही सांगायचं नव्हतं. हाताने लिहिलेल्या कागदात असं न लिहिलेलंही राहून जातं, आणि माझ्या लेखी त्याचं मोल तेवढ्यासाठीच फार आहे. मुलीला मी रोज फोनवरच लिहितो. बंगळुरात ती जेवली की नाही हे मिनिटात कळतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण तिथे रेघ आपोआप येते. घाईतही येते, डोळे भरून आलेले असतानाही येते. शिवाय आईचा ल दोन पाकळ्यांचा, आपला मराठी ल. २००९ साली शासनाने लिपीचा निर्णय काढून तो पक्का केला, तरी माझ्या फोनवर दांडीचाच उमटतो. मला ते लागतं.

आई आता ब्याऐंशीची आहे, हात थरथरतो. गेल्या महिन्यात नातीसाठी भाजणीचा डबा भरताना तिने कागद मागितला. मी शेजारीच बसलो होतो. तिने आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत गेली. मोडी लिहिणारे असंच करत. माळ्यावर आजोबांचे कागद आहेत, त्यांवर तशाच रेघा आहेत.

“अशी लिहिली की हलत नाहीत,” ती म्हणाली.

चार शब्दांना दहा मिनिटं लागली. ‘थालीपीठ मंद आचेवर लाव.’ मंदवरचा अनुस्वार रेघेपासून बराच वर, बाजूला पडला होता. तिने तो पाहिला, तसाच राहू दिला आणि कागदाची घडी घालून भाजणीवर ठेवली.