वाक

आमच्या परसातल्या फणसाकडे मी कायम फळांसाठीच पाहिलं. होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारानं मात्र फळांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हातातला पातळ फळीचा फर्मा त्यानं एका जाड फांदीच्या बगलेत धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "हयसर बरो वाक आसा."

वाक म्हणजे गलबताची बरगडी. सरळ ओंडक्यातूनही ती कापून काढता येते, पण मग करवत लाकडाच्या रेषा मध्येच तोडते आणि लाटांचा मार बसला की नेमकी तिथेच चीर जाते. फांदी उपजत वाकडी असेल तर रेषाही तिच्याबरोबर वळलेल्या असतात. कपाटवाला सुतार जे सरपणात ढकलेल, ते होडीवाला जपून घरी नेतो.

सागाची तऱ्हा निराळी. ओला साग पाण्यात बुडतो. मग नदीतून वाहून न्यायचा कसा? म्हणून बुंध्याभोवती साल खाचून दोनेक वर्षं त्याला रानात उभ्या-उभ्याच वाळवत. इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, तेव्हा मलबारचा साग मुंबईच्या गोदीत आला आणि तिथल्या जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं त्यातून इंग्रजांसाठी युद्धनौका घडवल्या. त्यांतलीच १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. मलबारच्या रानांची मात्र इतकी दैना झाली की १८४०च्या दशकात निलांबूरला साग मुद्दाम लावावा लागला.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनी मराठी राज्याच्या कारभारावरच्या आज्ञापत्रात लाकडाचा हा हिशेब आधीच मांडला होता. सागासारखं रानातलं लाकूड हुजूरच्या परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावायचा नाही; ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच तोडायचं. तोफा-गलबतांच्या धामधुमीत कुणाच्या परसातल्या झाडाची ही काळजी! मला तर आज्ञापत्रातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

आजीनं आज्ञापत्र वाचलेलं नव्हतं. फर्म्याकडे पाहत ती म्हणाली, "ह्यो फणस माझ्या सासऱ्यान लावलेलो. अजून धरता तो."

सुतारानं फांदीवर एकदा तळवा फिरवला, फर्मा काखोटीला मारला आणि चहा मागितला.