भीड आणि पाणी

वैनगंगेच्या काठावरच्या माणसाला नदी नवी नसते; नवे असते ते तिचे थांबलेले रूप. १९८८ साली गोसीखुर्दची पायाभरणी झाली आणि पुढे पवनीजवळ अडवलेले पाणी मागे सरकत भंडारा शहरापर्यंत आले. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूवर खेळलेले आम्ही आता मे महिन्यातही भरलेले पात्र पाहतो. पूर्वी डोंगा पैलतीर गाठण्यासाठी असे. २०२४ मध्ये आंभोऱ्याला पूल झाला, तशी तिथली ती गरजही ओसरली. आता नावेत हौसेने बसतात ते सुटीतले पाहुणे, मुलाबाळांसह.

पाण्याचे भय कळायला त्याच्याशी रोजचा संबंध लागतो. वारा पाहून डोंगा घालायचा की नाही, हे ढिवर जाणतो. पाहुण्याला मात्र जलाशय आरशासारखा वाटतो. दिवसभर तापलेल्या उन्हानंतर सायंकाळी वादळ उठते. विस्तीर्ण पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते आणि बघता बघता लाटा उसळतात. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान अशाच वादळात बोट उलटली. सातांपैकी एक पोहून काठाला लागला, सहा गेले. त्यांत एक जोडपे आणि त्यांची दोन लहानगी होती. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली, तेव्हा एकाच नातेगोत्यातले अकरा जण बुडाले.

अशा बातम्या वाचून आपण हळहळतो. पण काठावर उभे राहिल्यावर आपले काय होते?

गेल्या उन्हाळ्यात एका जलाशयावर आम्ही अकरा जण जमलो होतो. नाव आठांची. लाइफ जॅकेट होती, पण सगळी मोठ्यांच्या मापाची. माझ्या सहा वर्षांच्या भाचीला ते घातले, तर खांदे धरून उचलताच ते तिच्या कानांपर्यंत वर सरकले. "काही होत नाही जी, सर. रोजचंच आहे," नावाडी म्हणाला. मेहुणे हसले. सगळ्यांनी एकत्रच बसावे, ही सासऱ्यांची इच्छा. तेवढ्यात पत्नी शांतपणे म्हणाली, "बाबा, दोन फेऱ्या करा. आणि हिच्या मापाचे मिळेपर्यंत ही माझ्याजवळ काठावर बसेल." क्षणभर सारे अवघडले. सासरे काही बोलले नाहीत. काठीने वाळू उकरत राहिले. मग दोन फेऱ्या झाल्या. त्या दोघी शेवटपर्यंत काठावरच शिंपले वेचत बसल्या.

मला वाटते, अशा ठिकाणी अज्ञानापेक्षा भीड अधिक घातक ठरते. वडीलधाऱ्यांना नाही कसे म्हणावे, नावाड्याला माप कसे विचारावे, पैसे दिल्यावर आकाश काळवंडले म्हणून परत कसे फिरावे? भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत. पाण्यावर ती त्याहून भयंकर कोणाची तरी बहीण होते.

नियम तसे थोडेच आहेत. जॅकेट अंगाला घट्ट बसावे आणि त्याचे बंद काठावरच बांधावेत. छायाचित्रासाठी उठून सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नये. नाव उलटलीच, तर ती तरंगत असेतोवर तिला धरून राहावे. बुडणारा बहुधा हाक मारू शकत नाही, म्हणून मुलांवरची नजर ढळू देऊ नये; आणि त्याच्यामागे उडी घेण्याआधी दोर, बांबू, रिकामा डबा, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकावे.

हे सारे पाठ करता येते. चारचौघांत "थांबा" म्हणण्याचे बळ मात्र ज्याचे त्यालाच आणावे लागते.