कामठीच्या वाटेवर भेटलेले अक्षर

इतवारीतून कामठीस जाणे म्हणजे आम्हां नागपूरकरांच्या हिशेबी प्रवासच नव्हे; जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांची वाट. तथापि मार्गशीर्षातील एका सकाळी त्या वाटेवर एका अक्षराची गाठ पडली आणि मन पार पूर्वेकडील देशांत फिरून आले.

कामठीस ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर आहे. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून ते 1999 साली उभे राहिले. विस्तीर्ण बाग, शुभ्र वास्तू, आत चंदनाची बुद्धमूर्ती आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यावा अशी शांतता. तेथे एक वृद्ध जपानी यात्रेकरू भेटले. त्यांच्या दुभाष्याने आमचा व्यवसाय विचारला. ‘धान्याचा व्यापार’ असे सांगताच त्या गृहस्थांनी आमच्या डायरीत दोन अक्षरे रेखाटली व उच्चारली, ‘शूकाकु’. अर्थ सुगी, पीक घरी आणणे.

पैकी दुसरे अक्षर, ‘काकु’, मोठे अर्थपूर्ण आहे. त्याच्या डाव्या अंगास कणसाच्या भाराने वाकलेले धान्याचे रोप. उजव्या अंगास वर गवत, मध्ये पक्षी आणि तळाशी हात. हे चिनी अक्षर शेजारच्या देशांतही गेले. कोरियात ‘ह्वाक’, व्हिएतनाममध्ये ‘ह्वाच’, हाँगकाँगकडे ‘वॉक’ आणि बीजिंगच्या बोलीत नुसतेच ‘ह्वो’. शेवटचे व्यंजन तेथे काळाच्या ओघात गळाले. आपल्या संस्कृत ‘हस्त’चे प्राकृतात ‘हत्थ’ व मराठीत ‘हात’ झाले, तशीच ही उच्चारांची झीज.

त्या गृहस्थांनी मग शेजारी आणखी एक अक्षर काढले. उजवे अंग तेच, उच्चारही ‘काकु’च, मात्र डावीकडे धान्याच्या जागी कुत्रा. अर्थ शिकार करून मिळविणे. जपानी लिपीत ही दोन अक्षरे आजही वेगळी आहेत. चीनमध्ये मात्र विसाव्या शतकात लिपी सोपी करताना दोहोंचे एकच अक्षर करण्यात आले. त्यात वर गवत आणि खाली दोन कुत्रे. धान्याचे रोप उरलेच नाही. सुगी आणि शिकार आता एकाच चिन्हाने लिहिली जातात.

जैन मनास येथे थबकावेच लागते. जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा भुकेल्यांची कथा आपण पाठशाळेत ऐकलेली असते. एक मुळासकट झाड तोडू म्हणतो, दुसरा खोड, तिसरा फांदी, चौथा घोस, पाचवा केवळ पिकली फळे तोडू म्हणतो; सहावा म्हणतो, खाली पडली आहेत तीच पुरेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचे हे सहा भाव. फळ सर्वांना हवे. भेद आहे तो घेणाऱ्या हाताचा.

आपल्या शेतकऱ्याची भाषा हा भेद जाणते. कापूस वेचतात, धान कापतात, कणसे खुडतात, हरभरा उपटतात, संत्री तोडतात. पेढीवर पोहोचताच मात्र या सर्व क्रियांचा एकच शब्द होतो: आवक. हाताचे चित्र वहीत उरत नाही. आम्ही तीस वर्षे आवक लिहीत आलो. त्या दिवशी प्रथमच तो शब्द बीजिंगच्या त्या नव्या अक्षरासारखा वाटला.

परतताना कळमन्याच्या बाजारात थांबलो. अंबिया बहाराची संत्री आली होती. एका ढिगातील फळांना देठाचा इवलासा तुकडा नीट राखलेला होता; शेजारच्या ढिगात कित्येकांची देठाजवळची साल फाटली होती. ओढून तोडलेले असे फळ लवकर नासते, डहाळीसही इजा होते. दोन्ही ढीग एकाच शेतकऱ्याचे. आम्ही कारण विचारले.

तो म्हणाला, “शेठजी, कात्रीनं तोडाले मजुरी जास्त लागते. अन् भाव तं दोन्हीचा सारखाच भेटते.”

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या षट्कर्मांत कृषीही आहे आणि वाणिज्यही. नांगरटीतील हिंसा टाळावी म्हणून आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी वाणिज्य पत्करले; पण शेतातला हात कसा चालेल हे काही अंशी आपण बोललेला भावही ठरवितो. फाटलेल्या सालीस आणि राखलेल्या देठास आपण एकच भाव देत असू, तर त्या झाडाखाली आपणही उभे आहोत.

कात्रीने तोडलेली दोन डझन संत्री आम्ही चार पैसे अधिक देऊन घेतली. हे फार नव्हे, हे आम्ही जाणतो. मात्र दुसऱ्या दिवशी पेढीवर आवक लिहिताना लेखणी क्षणभर थांबली आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यास आम्ही प्रथमच विचारले, “हे पीक कसे काढले?”