घेण्याचे माप, देण्याचे माप

भाव ठरविणे हा आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे व भुसाराचे आडत दुकान आहे. माझ्या वडिलांच्या तरुणपणी हत्ता पद्धतीने सौदे होत. रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून आडत्या आणि खरेदीदार भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी मात्र शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे पाहत असे. पुढे उघड लिलाव आले. तो रुमाल आता इतिहासजमा झाला, असे मी समजत होतो. गेल्या डिसेंबरात नवी मोटार घ्यायला गेलो, तेव्हा तो पुन्हा दिसला. या वेळी रुमालाकडे पाहत उभा राहण्याची पाळी माझी होती.

आमची जुनी गाडी अकरा वर्षांची झाली होती. आईचे वय ब्याऐंशी. कुंभोज-बाहुबलीला दर्शनाला जाताना तिला त्या गाडीत बसणे आणि त्यातून उतरणे अवघड होऊ लागले. म्हणून उंच आसनाची, पण लहान गाडी घ्यावी, असे घरात ठरले. अकरा लाखांच्या वर जायचे नाही, हेही त्याच बैठकीत ठरले. खरेदीला निघण्यापूर्वी मर्यादा ठरविणे हा मला निम्मा सौदा वाटतो. मर्यादा घरी ठरली नाही, तर ती दुकानदार ठरवितो.

शोरूममध्ये एका तरुणाने आमचे स्वागत केले. चहा आला, गाडी दाखवून झाली. मी किंमत विचारली, तेव्हा त्याने उलट विचारले, ‘‘काका, महिन्याला किती हप्ता परवडेल?’’ हा पहिला रुमाल. हप्त्याची भाषा सुरू झाली की किंमत, व्याज आणि मुदत या तिन्ही गोष्टी दृष्टीआड होतात. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 16,600 रुपये होतो. सात वर्षांसाठी घेतले, तर सुमारे 12,900. हलका हप्ता ऐकून बरे वाटते, पण त्या हलकेपणापोटी व्याज सुमारे 85,000 रुपयांनी वाढते. मी बँकेकडून मंजुरीचे पत्र आधीच आणले होते. म्हणून म्हणालो, ‘‘हप्त्याचे मी आणि बँक पाहून घेऊ. आपण गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत लिहून द्या.’’

त्याने कागद दिला. शोरूम किंमत 9,60,000, परिवहन कार्यालयाचा कर 1,05,600, विमा 48,500, वाढीव वॉरंटी 18,000, ॲक्सेसरीजचा संच 22,000, हँडलिंग चार्जेस 9,500, नोंदणी, नंबरप्लेट, फास्टॅग वगैरे 3,400. एकूण 11,67,000 रुपये. ‘‘डिस्काउंटचे नंतर बघू, काका. आधी बुकिंग करून टाका,’’ तो म्हणाला. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी आलो. पहिल्या भेटीत पैसे न देता उठणे आपल्याला संकोचाचे वाटते. पण भाव विचारून उठून जाणारे शेतकरी आणि व्यापारी आम्ही यार्डात रोज पाहतो, आणि त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही.

रात्री लाल शाईचे पेन घेऊन बसलो आणि त्या कागदावरच्या आकड्यांचे तीन भाग केले. पहिला भाग सरकारचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के कर आहे. तो कोणत्याही दुकानात तेवढाच. शोरूम किमतीतच मिसळलेला जीएसटीही तसाच. लहान गाड्यांवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला, त्याचा लाभ किमतीत आधीच आलेला. या रकमांवर घासाघीस करणे व्यर्थ. गाडी दहा लाखांच्या वरची असती, तर एक टक्का टीसीएस लागला असता; पण तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते. दुसरा भाग विक्रेत्याच्या स्वतःच्या नफ्याचा. तो शोरूम किमतीत एकेरी टक्क्यांतच असतो, म्हणून ‘लाखभर कमी करा’ असे म्हणणे हे भाव न कळल्याचे लक्षण. तिसरा भाग विक्रेता ज्यावर खरी कमाई करतो त्याचा : विमा, ॲक्सेसरीज आणि त्या ‘हँडलिंग’ची ओळ. सौदा करायचा तो दुसऱ्या व तिसऱ्या भागावर.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून त्याच गाडीचा, त्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा लेखी भाव मागविला. राज्यातल्या दुसऱ्या गावी गाडी घेतली, तरी नोंदणी आपल्या पत्त्याप्रमाणे सांगलीत होते. त्याच्याकडे सूट अधिक होती, विमाही कमी होता. मग आमच्या नेहमीच्या विमा प्रतिनिधीकडे गेलो. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही. तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा नव्या मोटारीला सक्तीचा आहे. बाकीच्या भागात निवड आपली. शिवाय जुन्या गाडीवर आम्ही कित्येक वर्षे दावा केला नव्हता. पाच वर्षे दावा नसेल, तर पन्नास टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळतो, आणि जुनी गाडी विकताना त्याचे पत्र घेतले, तर तो नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याला लागू होतो. या बोनसाविषयी शोरूममध्ये कोणी अवाक्षर काढले नव्हते. तेच संरक्षण 34,200 रुपयांत मिळाले.

तिसऱ्या भेटीत व्यवस्थापक स्वतः समोर बसले. मी एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो. विमा बाहेरून. ॲक्सेसरीजपैकी पायपुसण्या, चिखलरोधक आणि आसनांची आवरणे एवढेच, 6,500 रुपयांत. वाढीव वॉरंटी ठेवली, कारण ती आम्हाला हवी होती. कोल्हापूरचा कागद मी समोर ठेवला, पण त्यावरचा आकडा वाढवून सांगितला नाही. डिसेंबर संपत आला होता. वर्ष पालटण्यापूर्वी माल काढण्याची घाई कोणत्याही व्यापाऱ्याला असते. मी मात्र उत्पादनाचा महिना व वर्ष आधी पाहून घेतले, कारण ते नोंदणी प्रमाणपत्रावर छापले जाते आणि गाडी विकताना त्याचीच किंमत होते. 28,000 रुपयांची सूट ठरली.

शेवटी हँडलिंग चार्जेसची ओळ राहिली. ‘‘हे कशाचे?’’ मी विचारले.

‘‘गोदामातून गाडी आणणे, धुणे, तपासणे,’’ तो तरुण म्हणाला.

‘‘दुकानात माल मांडायचा खर्च गिऱ्हाइकाने वेगळा का द्यावा?’’

‘‘काका, ते पहिल्यापासूनच आहे. सगळे देतात. आजवर कोणी विचारले नाही.’’

‘‘मग याच नावाची, शिक्का मारलेली वेगळी पावती द्या.’’

व्यवस्थापक हसले आणि त्यांनी ती ओळ खोडली. खोडता खोडता त्यांनी आणखी एक सवलत पुढे केली. एखाद्या मोठ्या कंपनीतल्या नोकराचे ओळखपत्र आणले, तर कॉर्पोरेट सूट म्हणून 10,000 रुपये आणखी कमी होतील. ‘‘कागद आम्ही जुळवून घेऊ.’’ मुलगा माझ्याकडे पाहू लागला. त्याचे दोन मित्र अशा कंपन्यांत आहेत. मी नको म्हटले. पाठशाळेत सत्याणुव्रताचे अतिचार पाठ केले होते, त्यांत कूटलेखक्रिया आहे : खोटा लेख करणे. जी सूट आपली नाही, तिच्यासाठी दुसऱ्याचे नाव वापरणे म्हणजे तेच. नकार देताना मला, खरे सांगतो, स्वतःविषयी फार बरे वाटले.

गाडी 10,99,700 रुपयांना पडली. पहिल्या कागदापेक्षा 67,300 रुपये कमी. पूर्ण रक्कम देण्यापूर्वी दिवसाउजेडी गाडी नीट पाहून घेतली, चासी क्रमांक कागदाशी ताडला. त्या तरुणाला बाजूला घेऊन विचारले, ‘‘तुम्हाला परवडले ना?’’ तो म्हणाला, ‘‘परवडले, काका. वॉरंटी ठेवलीत, तेवढे माझ्या खात्यात पडते.’’ समोरच्याच्या ताटात काहीच उरू नये, असा सौदा मला आवडत नाही. त्याच्याशी उद्या पुन्हा काम पडते.

त्या रात्री जेवताना मी ही सारी हकिगत रंगवून सांगितली. हँडलिंगच्या ओळीचा किस्सा तर दोनदा सांगितला. सूनबाई वाढत होत्या. गेल्या दोन वर्षांपासून दुकानाच्या हिशेबपट्ट्या संगणकावर त्याच करतात. त्यांनी सहज विचारले, ‘‘बाबा, आपल्या पट्टीवर हमाली आणि तोलाईच्या खाली ‘इतर’ म्हणून पोत्यामागे तीन रुपये असतात. ते कशाचे?’’

मी म्हणालो, ‘‘ते पहिल्यापासूनच आहे.’’

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझा घास तसाच राहिला. सकाळी त्या तरुणाच्या तोंडून ऐकलेले शब्द मी जसेच्या तसे उच्चारले होते. सूनबाई काही बोलल्या नाहीत. आई तेवढे म्हणाली, ‘‘तुझ्या वडिलांच्या वेळी सुतळीचे घेत असत.’’

दुसऱ्या दिवशी दिवाणजींना विचारले. ते आमच्याकडे चाळीस वर्षे आहेत. आईचे बरोबर होते. पूर्वी शेतकऱ्यांची पोती फाटकी, उघडी येत. दुकानातला माणूस दाभण घेऊन ती शिवी, आणि त्या सुतळीचे व मजुरीचे पैसे पट्टीवर लागत. पुढे शिवलेली पोती येऊ लागली, तो शिवणारा माणूसही वारला. ओळ मात्र राहिली. ‘सुतळी’ हे नाव जाऊन तिथे ‘इतर’ आले. आणे होते त्यांचे रुपये झाले. हमाली आणि तोलाई बाजार समितीच्या दराने लागतात, त्यांत खोट नव्हती. या एका ओळीला मात्र कशाचाच आधार नव्हता. वर्षाला साधारण चौदा हजार पोती धरली, तर 42,000 रुपये झाले. चाळीस पोती आणणाऱ्या शेतकऱ्याला 120 रुपये. इतक्या लहान रकमेसाठी तो बोलणार नाही, हे आम्ही ठरवून घेतले नव्हते. पण आमच्या वतीने ते त्या ओळीने ठरवून टाकले होते.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांतही एक शब्द आहे : हीनाधिकमानोन्मान. घ्यायचे माप मोठे आणि द्यायचे लहान ठेवणे. लहानपणी मला वाटे, हे खोटी वजने ठेवणाऱ्यांसाठी सांगितलेले आहे. आमचा काटा तर तपासलेला, शिक्का मारलेला. पण शोरूममध्ये बसलेला मी आणि गादीवर बसलेला मी, या दोघांची मापे वेगळी होती. एक 9,500 रुपयांची पावती मागत होता. दुसरा वर्षानुवर्षे पावतीवरच ‘इतर’ लिहीत होता. खोटा कागद नाकारताना मला जे बरे वाटले होते, ते आता तितकेसे बरे वाटेना.

त्याच आठवड्यात ती ओळ काढली. मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब मिळणे शक्य नव्हते. संगणकावर होत्या त्या दोन वर्षांच्या पट्ट्या सूनबाईंनी काढल्या, आणि ज्यांचा माल नंतर आला, त्यांच्या पट्टीत ती रक्कम जमा केली. ज्यांचा आला नाही, त्यांना निरोप पाठविले. काहींचे पैसे अजून आमच्याकडे वेगळे बांधून ठेवले आहेत. मुलाला हे प्रथम पटले नाही. ‘‘शेजारची दुकाने घेतात, आपणच का?’’ त्याचे म्हणणे अगदी चूक नव्हते. दुकानाला तोटा झालाच. मी त्याला मोटारीचा तो पहिला कागद दिला, लाल शाईने खोडलेला, आणि म्हटले, ‘‘सगळे देतात म्हणून आपण दिले का?’’ तो कागद त्याने गल्ल्याच्या खणात ठेवून दिला.

एका जुन्या शेतकऱ्याने जमेची रक्कम पाहून विचारले, ‘‘अण्णा, दुकान विकायला काढले की काय?’’ आम्ही सगळेच हसलो. पण त्याने पट्टी पुन्हा खालपासून वरपर्यंत एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली, आणि हमालीचा दर काय, असेही विचारले. इतक्या वर्षांत त्याने कधी विचारले नव्हते. मी दर सांगितला.

आपल्यापैकी अनेक घरांत यंदा गाडी येईल, आणि अनेकांना भाव करावा लागेल. तो अवश्य करावा. पूर्ण किंमत लिहून घ्यावी, दोन ठिकाणी विचारावे, विमा स्वतः पाहावा, ज्या ओळीचा अर्थ कळत नाही तिची पावती मागावी. घरी परतल्यावर तेच लाल पेन घेऊन आपली स्वतःची एक बिलपट्टीही वाचावी. आमच्या नव्या गाडीतून आई दर महिन्याला बाहुबलीला जाते. गाडी तिला आवडली. किती रुपये वाचले, हे तिने अजून विचारलेले नाही.