पॅडल माझं, गेम कुणाचा?

साडेअकरा हजार रुपये! फ्रीलान्सरच्या हिशेबात सांगायचं तर पाच आर्टिकल्स, आणि त्यातल्या दोनांचं पेमेंट अजून यायचंय. तेवढ्या पैशांचं पिकलबॉलचं पॅडल मी एका शनिवारी दहा मिनिटांत घेऊन टाकलं. काळंभोर, लांबडं, एकदम डॅशिंग. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, अ‍ॅग्रेसिव्ह प्लेअर्स हेच नेतात." झालं, मॅडम विरघळल्या!

त्याचंही कारण होतं. त्याच आठवड्यात एका संपादकांनी मला ऐकवलं होतं, "लिहितेस छान, पण फार सॉफ्ट आहेस. जरा अ‍ॅग्रेसिव्ह हो." आता लिखाणात ते कसं व्हायचं हे कळेना, म्हणून मी ते कोर्टवर व्हायचं ठरवलं.

तसा हा खेळ १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज आयलंडवर सुट्टीत वेळ घालवायला म्हणून सुरू झाला. आपल्याकडे सुनील वालावलकर यांनी तो रुजवला आणि २००८मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, म्हणजे ४४ बाय २० फूट. त्यामुळे कोथरूडच्या आमच्या सोसायटीने बॅडमिंटन कोर्टवरच टेप चिकटवली, नेट खाली घेतलं आणि आमची संध्याकाळची सोय झाली.

नव्या पॅडलने मी बॉल असा काही हाणायला लागले की विचारू नका. दर दुसरा बॉल थेट पार्किंगमध्ये. माझी पार्टनर आधी हसायची, मग हसेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात कोपर ठणकायला लागलं. आधी पाण्याची बाटली उघडताना, मग चक्क टाइप करताना! ज्या हाताने मी भाडं भरते, तोच हात. दोन डेडलाइन्स हुकल्या, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. फिजिओने निदान केलं, टेनिस एल्बो. टेनिस आयुष्यात न खेळता!

विश्रांतीनंतर परत कोर्टवर गेले, तेव्हा बाबा सोबत आले. बँकेतून रिटायर झालेले, एकेकाळी बँकेच्या स्पर्धांमध्ये टेबल टेनिस गाजवलेले. मैत्रिणीचं पॅडल घेऊन मी खेळले आणि ते बाकावर बसून डायरीत काहीतरी टिपत होते. घरी आल्यावर डायरी माझ्यापुढे सरकवली. दोन रकाने, जमा आणि नावे. 'जोरात फटका : जमा २, नावे ९. नेटजवळ हळू : जमा ८, नावे ३.'

"हे तुझं खातं," ते म्हणाले. "आता सांग, तू पॅडल कुणासाठी घेतलंस?"

खरंच, दुकानात हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. आणि मी तरी स्वतःला कुठे विचारला होता?

नेटपासून दोन्ही बाजूंना सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. तिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही. तिथल्या हळुवार, चिवट फटक्यांवर माझे पॉइंट्स येत होते. (आईला हे सांगितलं तर म्हणाली, "किचनमध्ये चांगली आहेस? कधीपासून?")

मग बाबा आणि मी नीट अभ्यासाला बसलो. माझ्या पॅडलचा गाभा १३ मिलिमीटरचा. पातळ गाभ्यावरून बॉल उसळून जातो, फटका मारणाऱ्यांना ते हवंच असतं. १६ मिलिमीटरचा जाड गाभा बॉलचा जोर पिऊन टाकतो, बॉल अलगद पलीकडे ठेवता येतो. लांबट पॅडलने हात लांबवर पोचतो, पण पुढचं टोक जड वाटतं आणि चुकीला माफी कमी. रुंद पॅडलमध्ये बॉल जरा इकडेतिकडे लागला तरी चालून जातं. माझं वजन, म्हणजे पॅडलचं हो, २४० ग्रॅम होतं. २२० ग्रॅमचं धरून पाहिलं आणि नेटजवळ हात झटकन फिरायला लागला.

सगळ्यात मोठी चूक मात्र मुठीची होती. मूठ धरल्यावर बोटं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. माझ्या पॅडलची मूठ साडेचार इंच घेराची. तर्जनी मावून वर जागा उरत होती! पॅडल निसटू नये म्हणून मी ते सतत आवळून धरत होते, सगळा ताण कोपरावर. बारीक मुठीवर टेप गुंडाळून ती जाड करता येते. जाड मूठ बारीक करणं मात्र अवघड.

ते काळंभोर पॅडल मी सोसायटीतल्या एका टेनिसवाल्या दादाला सात हजारांत विकलं. त्याच्या हातात ते काय शोभतं! माझं नवं पॅडल पाच हजारांचं, रुंद, जाड गाभ्याचं, दिसायला अगदी साधं. कोपर आता गप्प आहे. पार्टनर परत हसते. मॅचेस अजूनही हरतो, पण पार्किंगमधल्या गाड्या सुरक्षित आहेत.

आणि त्या संपादकांना मी परवा एक लेख पाठवला. सॉफ्टच. त्यांनी छापला.

काल ऑफिसवाल्या एका मैत्रिणीचा फोन आला, "अगं, मलाही पॅडल घ्यायचंय, कुठलं घेऊ?"

"आधी खेळायला तर ये," मी म्हटलं. "बाबा डायरी घेऊन बसतील."